हरभऱ्याला स्फुरद कुठे पडतं?

गिरीजला भात निघालेल्या एका शेतात परवा हरभरा दिसला. वालाच्या आपल्या कोकणपट्ट्यात हरभरा! फार बरं वाटलं. शेतकरी काका म्हणाले, "कडधान्याला खत कशाला?"

नत्र हरभरा मुळांवरच्या गाठींतून बराचसा मिळवतो, हे खरं. पण त्या गाठी वाढायला, काम करायला स्फुरद लागतं.

राज्यातली नेहमीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद. म्हणजे एकरी साधारण डीएपीची ५० किलोची एक गोणी.

स्फुरद मातीत जागचं फारसं हलत नाही. वरून फेकू नका, पेरतानाच बियाण्याखाली पडू द्या. कोकणातल्या आम्लधर्मी मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम ते धरून ठेवतात, म्हणून बियाण्याला रायझोबियमसोबत पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) हेही चोळा.

आणि खुरपणी! हरभरा सुरुवातीला सावकाश वाढतो, तण झपाट्याने. पहिली खुरपणी २०-२५ दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांनी. भातानंतरच्या शेतात ओल मोजकीच असते. तण राहिलं तर खताबरोबर ती ओलही तेच पितं. माझ्या मते खुरपणी चुकवून खत वाढवणं म्हणजे पैसे वाया.

आणखी एक: हरभऱ्याचे शेंडे खुडले तर फांद्या वाढतात, घरी भाजीही होते.

तुमच्या वाडीत कुणी हरभरा घेतलाय का? काही अडलं तर विचारा, जरूर सांगेन.