शिकेकाई, लिंबू आणि विहिरीचे पाणी

एकच साबण, एकच डोके. पण पावसाच्या पाण्याने न्हायलात तर केस मोकळे होतात आणि विहिरीच्या पाण्याने न्हायलात तर चिकट व राठ राहतात. कंगव्याच्या दातांत पांढुरका मळ सापडतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्या घरांना हा अनुभव नवा नाही. "पाणीच तसले," असे म्हणून आपण विषय सोडून देतो. विद्यार्थी मित्रांनो, आज तो सोडायचा नाही. स्वयंपाकघरातील चार वस्तू घेऊन त्याची उकल करू या.

पाण्यात चुना येतो कोठून?

या दोन्ही तालुक्यांत काळ्या मातीखाली बेसॉल्टचा काळा पाषाण आहे. त्याच्या खनिजांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि झिरपताना ही मूलद्रव्ये विरघळवून बरोबर घेते. नांगरटीत वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे तुम्ही पाहिले असतील. तीही याच चुन्याची साक्ष होय.

त्यातच हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. क्षार वाहून जाण्याइतका पाऊस नाही आणि ऊन मात्र भरपूर. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. याउलट नीरा डाव्या कालव्यातून येणारे पाणी मुख्यतः घाटाकडे पडलेल्या पावसाचे असते. ते खडकात फारसे मुरलेले नसते, म्हणून त्यात क्षार सहसा कमी असतात.

ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन पाणी आणि ज्यात होत नाही ते दुष्फेन पाणी. (त्याला 'जड पाणी' म्हणू नका. पदार्थविज्ञानात जड पाणी म्हणजे ड्यूटेरियमचे पाणी. ते अगदी निराळे!) भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजल्यास, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

केसावरची कौले

आता केसाकडे वळू. केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर छपरावरील कौलांसारखे एकावर एक खवले असतात. खवल्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते.

याची खात्री सूक्ष्मदर्शकावाचूनही करता येते. गळालेला एक लांब केस अंगठा व तर्जनी यांमध्ये धरा आणि बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे घासा. केस हळूहळू एकाच बाजूला सरकू लागेल. मुळाची बाजू नेहमी पुढे! खवल्यांमुळे एका दिशेने घर्षण कमी आणि उलट दिशेने जास्त, म्हणून असे होते.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे तेलाकडे. त्यामुळे तो तेलकट मळाला पाण्यात ओढून आणतो. पण दुष्फेन पाण्यात कॅल्शियम त्याला आधीच गाठतो आणि दोघांचा मिळून न विरघळणारा साका बनतो. हाच तो कंगव्यातला पांढुरका मळ. शिवाय साबण अल्कधर्मी असतो. अल्काने खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. म्हणजे दोष एकट्या साबणाचा नाही आणि एकट्या पाण्याचाही नाही. दोघांची गाठ पडली की काम बिघडते.

रिठा-शिकेकाईची करामत

रिठ्याच्या सालीत व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. 'सॅपो' म्हणजे लॅटिन भाषेत साबण. सॅपोनिनच्या रेणूलाही एक जलप्रेमी व एक तेलप्रेमी बाजू असते, म्हणून तो पाण्याचा पृष्ठताण कमी करून फेस देतो. मात्र कॅल्शियमशी त्याचा साबणासारखा चिकट साका होत नाही. त्यात शिकेकाईचे पाणी सौम्य आम्लधर्मी असल्याने खवले उचलले जात नाहीत. विहिरीच्या पाण्यावर राहणाऱ्यांना शिकेकाई मानवते ती यामुळे. तेल फार असेल तर मात्र दोनदा लावावी लागते, कारण तिची मळ काढण्याची शक्ती साबणाहून कमी आहे.

वर्गात पुढील प्रयोग करा. एकसारख्या चार बाटल्या घ्या. पहिलीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत कालव्याचे व तिसरीत विहिरीचे पाणी सारख्या मापाने भरा. चौथीत विहिरीचेच पाणी, पण दहा मिनिटे उकळून, निववून व गाळून घ्या. साध्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून द्रावण तयार करा. (कपड्यांची डिटर्जंट पावडर चालणार नाही.) प्रत्येक बाटलीत एकेक थेंब टाकून हलवा आणि एक मिनिट टिकणारा फेस येण्यास किती थेंब लागले ते लिहून ठेवा. नंतर विहिरीच्या पाण्याच्या नव्या बाटलीत रिठ्याचे पाणी घालून पाहा.

चौथ्या बाटलीला तिसरीपेक्षा कमी थेंब लागले, तर दुष्फेनतेचा काही भाग उकळण्याने गेला असे समजा. बायकार्बोनेटच्या रूपातील कॅल्शियम उकळताना कार्बोनेट होऊन खाली बसतो. पाणी तापवण्याच्या बंबात आतून बसणारा पांढरा थर तोच. न्हाण्याचे पाणी उकळून, निवू देऊन, वरचे निवळ पाणी घेतले तर फुकटात फरक पडतो.

लिंबाचे काम शेवटी

साबणाने केस धुऊन झाल्यावर अर्ध्या लिंबाचा रस तांब्याभर पाण्यात मिसळून तो केसांवरून ओतला, तर सायट्रिक आम्ल साका फोडते व खवले पुन्हा मिटण्यास मदत करते. दह्यातील लॅक्टिक आम्लही याच दिशेने काम करते. पण रस पातळ करूनच वापरा आणि नंतर केस स्वच्छ पाण्याने धुवा. त्वचेवर लिंबाचा रस राहून उन्हात गेल्यास चट्टे उठू शकतात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते, हेही लक्षात ठेवा.

घरातले सगळेच चांगले नसते

"स्वयंपाकघरातले आहे, म्हणजे निर्धोक," हे विधान प्रयोगावर टिकत नाही. खाण्याचा सोडा घ्या. तोही अल्कधर्मीच. तो चोळल्याने केस तात्पुरते मोकळे वाटले, तरी साबणाचाच दोष पुन्हा पदरी पडतो.

मेथी किंवा जवस भिजवून मिळणारा बुळबुळीत गर केसावर पातळ थर देतो व घर्षण कमी करतो. तेवढे त्याचे काम खरे. खोबरेल तेलाची परीक्षा मुंबईत झाली आहे. मॅरिको कंपनीतील आरती रेले व आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना केली. केसातील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. त्यातील लॉरिक आम्लाची सरळ व आखूड साखळी केसाच्या आत शिरू शकते, असे कारण त्यांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते. अशा वेळी निष्कर्षाबरोबर प्रयोगाची पद्धतही वाचण्याची सवय ठेवावी.

अंड्याचे काय? अंड्यातील प्रथिनांचे मोठे रेणू केसात शिरून त्याचे पोषण करू शकत नाहीत. डोक्याबाहेर दिसणारा केस मृत असतो. जिवंत असते ते त्वचेतील मूळ आणि त्याला अन्न मिळते रक्तातून. म्हणून अंडे डोक्याला चोपडण्यापेक्षा खाल्लेले बरे! अंडे न खाणाऱ्यांना डाळी, उसळी व शेंगदाणे आहेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. पण मुठीने गळू लागले किंवा चट्टे पडले, तर लेपांवर महिने घालवू नका. त्यामागे अंगातील लोहाची कमतरता असू शकते. वाढत्या वयाच्या मुलींत ती पुष्कळ आढळते. डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे.

आजचे शाम्पू साबणाचे नसतात. त्यांतील कृत्रिम द्रव्यांचा कॅल्शियमशी तसा साका होत नाही, तेव्हा तेही वापरायला हरकत नाही. निवड करण्यापूर्वी आपले पाणी मात्र ओळखा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून गावातील प्रत्येक विहिरीचे व बोअरचे पाणी वरील पद्धतीने तपासून घ्यावे आणि किती थेंब लागले ते गावाच्या नकाशावर मांडावे. उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा असे नकाशे काढले, तर आकडे कोठे बदलतात आणि का, यावर वर्गात चांगली चर्चा होईल.