पहिल्या तारखेचा आकडा, थेट कॉम्प्युटरवर

महिना पालटला की भोसरी, तळवडे, कुदळवाडीपासून चाकण-म्हाळुंग्यापर्यंतच्या वर्कशॉपांत एकच चौकशी असते : गेल्या महिन्यात गाड्या किती गेल्या? बजाज ऑटो, महिंद्रा यांच्यासारख्या कंपन्या विक्रीचे आकडे महिन्याच्या सुरुवातीलाच शेअर बाजाराला कळवतात. सुटे भाग पुरवणाऱ्याला त्यातून शेड्यूलचा अंदाज येतो, दुसरी पाळी लावायची की नाही हे ठरवता येतं. पण हा आकडा त्याच्यापर्यंत येतो व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमधून, कधी अर्धवट, कधी चक्क जुना.

खरं तर तो उगमापासूनच घेता येतो. राष्ट्रीय शेअर बाजार कंपन्यांच्या घोषणांची आरएसएस फीड देतो. रिझर्व्ह बँक प्रसिद्धिपत्रकांची आणि परिपत्रकांची वेगवेगळी फीड देते. सेबी आणि पत्र सूचना कार्यालयही देतात. यातली रिझर्व्ह बँकेची फीड छोट्या उद्योजकाने आधी लावावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बदलत्या व्याजदराने दिलेली नवी कर्जं बँकांना रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडावी लागतात. दर हलला की सीएनसी मशिनच्या कर्जाचा हप्ता किंवा मुदत हलते.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली साधी मजकुराची फाइल. प्रत्येक नव्या नोंदीचा मथळा, दुवा, तारीख आणि थोडका सारांश, एवढाच तिचा ऐवज. आपल्या कॉम्प्युटरवरचं फीड रीडर ठरावीक वेळाने त्या फाइलकडे फेरी मारतं. सर्व्हरची तशी सोय असेल तर ‘काही बदललेलं नाही’ एवढंच उत्तर येतं, अख्खी फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही. नवं काही असेल तर ते तारखेच्या क्रमाने समोर येतं. कुणाला आपला ईमेल द्यावा लागत नाही, की कुठलं अल्गोरिदम मध्ये उभं राहून निवड करत नाही. हा क्रम वाचकाच्या हातात राहतो, आणि फीडचं खरं मोल इथेच आहे.

या तंत्राच्या जन्मात भारतीय हात आहे. मद्रास आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा यांनी डॅन लिबी यांच्यासह नेटस्केपमध्ये १९९९ साली आरएसएसची पहिली आवृत्ती घडवली. पुढे पॉडकास्टचा सारा पसारा याच फीडवर उभा राहिला.

सुरुवातीला थंडरबर्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात फीडचं खातं उघडायचं, संकेतस्थळावरच्या आरएसएसच्या दुव्याचा पत्ता चिकटवायचा, की नोंदी ईमेलसारख्या ओळीने दिसू लागतात. शेअर बाजाराच्या फीडमध्ये देशभरातल्या कंपन्यांची झुंबड असते. तिथे आपल्या ग्राहक कंपनीच्या नावाचा फिल्टर लावावाच. दुवा सापडत नसेल तर पानाचा सोर्स उघडून त्यात ‘आरएसएस’ किंवा ‘ॲटम’ (फीडचाच दुसरा प्रकार) हे शब्द इंग्रजीत शोधावेत. वर्डप्रेसवरच्या बहुतेक संकेतस्थळांना पत्त्याच्या शेवटी ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत जोडला की काम होतं. मराठी विकिपीडियावर तर प्रत्येक लेखाच्या इतिहासाला स्वतंत्र फीड आहे, त्यामुळे ‘चाकण’ या लेखात कुणी काय बदललं तेही कळतं.

अडचण आहे ती फीडच न देणाऱ्या संकेतस्थळांची. उद्योजकाला रोज लागणाऱ्या कितीतरी सरकारी सूचना अजून पीडीएफच्या यादीत पडून असतात आणि त्यासाठी पान रोज उघडावं लागतं. उद्योजकांच्या संघटनांनी फीड देण्याची मागणी लावून धरायला हवी, कारण त्यासाठी लागणारा खर्च नगण्य आहे.

रीडर बदलायची वेळही येतेच. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं, तेव्हा वाचकांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल नावाच्या प्रकारातल्या फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे नेली. थंडरबर्डमध्येही ती सोय आहे. वर्कशॉपच्या बॅकअपमध्ये ती फाइलही ठेवावी.