आजीचा मांडो आणि आमचे गॅदरिंग

गॅदरिंगचे दिवस आले की आमच्या जिल्ह्यात मराठीच्या प्राध्यापकाला एकाएकी मागणी येते. वक्तृत्वस्पर्धेला तो लागतो, निबंधस्पर्धेला लागतो आणि दुसरे कोणी न मिळाल्यास नृत्यस्पर्धेलाही चालतो. नाचातले त्याला काय कळते, हा प्रश्न शाळा विचारीत नाही. आणि एकदा चहा-बिस्किटे पुढे आली की प्राध्यापकही तो विसरतो.

मालवणच्या किनाऱ्याजवळील एका शाळेत काही वर्षांपूर्वी मी असाच परीक्षकाच्या खुर्चीत बसलो होतो. कार्यक्रम होता ‘भारतदर्शन’. भांगडा झाला, गरबा झाला, कोळीनृत्य झाले. त्या कोळीनृत्यात दोन मुली गाबितांच्या होत्या. घरी रोज मासळीची टोपली पाहणाऱ्या! पण अंगावर ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेली चमचमती लुगडी आणि हातात पुठ्ठ्याचे पापलेट. मग ‘गोवा’ आला. मुलांचे फुलाफुलांचे सदरे, डोक्यावर गवती टोप्या, हातात रिकाम्या बाटल्या. मुली आखूड झग्यांत. त्यांतला एक जण झिंगून पडला तेव्हा मंडपात असा हशा पिकला की गाणे ऐकू येईना. मीही हसलो. नुसता हसलो नाही, दहापैकी नऊ गुण दिले.

बक्षीससमारंभानंतर आठवीतली एक मुलगी चहाचे कप गोळा करायला आली. ख्रिस्ती घरातली. कप उचलता उचलता, माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “सर, तुमी त्यांका पयलो नंबर दिल्यात. माजी आजी मडगावची. ती मांडो नाचता. बाटली घेवन कोण नाचणा नाय.”

एवढे बोलून ती कप घेऊन गेली. विद्यार्थ्यांचे पेपर तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. पण माझा पेपर इतक्या थोड्या शब्दांत कोणी तपासला नव्हता.

मुख्याध्यापकांना मी ही गोष्ट सांगितली. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, “मग तुम्हीच या ना शनिवारी. नाचाबरोबर चार गोष्टी त्याच्या इतिहासाच्याही सांगा.” तोंडातून गेलेला शब्द परत घेता येईना, आणि मी शनिवारी सकाळी त्या शाळेत जाऊ लागलो.

पहिला शनिवार वाया गेला. भरताच्या नाट्यशास्त्रापासून सुरुवात करावी, हा माझा प्राध्यापकी मोह. तांडव आणि लास्य यांतला भेद मी फळ्यावर लिहीत असता तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा त्या दोहोंच्या मधोमध झोपी गेला. तेव्हा ध्यानात आले, की नाचाचा इतिहास पायांतून वर चढला पाहिजे. तो कानांतून खाली उतरत नाही.

दुसऱ्या शनिवारी मी एका दशावतारी नटाला घेऊन गेलो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर ही कंपन्यांची नावे आमच्याकडे मुलांना पाठ असतात. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या, की पेटारे घेऊन ही मंडळी देवळासमोर उतरतात आणि मध्यरात्री खेळ उभा राहतो. या नटाचे काम स्त्रीपार्टीचे. मुलांनी आधी फिदीफिदी हसून घेतले. त्याने ते होऊ दिले. मग वर्गातले एक बाक पुढे ओढले आणि सांगितले, हे हस्तिनापूर. बाकाला एक फेरी मारली, झाले वन. झांजेच्या ठेक्यावर गिरकी घेतली, सुरू झाले युद्ध. पडदा नाही, लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरलेले आणि संवाद तोंडचे. पुढच्या दहा मिनिटांत सगळा वर्ग बाकाभोवती फिरत होता. संकासुर व्हायला तर एवढी मुले पुढे आली की वेद चोरायला चोर जास्त आणि वेद कमी पडले.

शेवटी एका मुलाने धीर करून विचारलेच, “बाईचा काम करतास, लोक हसनत नाय?”

“हसणारे हसतत,” तो म्हणाला. “पहाटेक वस्त्रहरण झाला की तेच डोळे पुसतत. लुगडा नेसलंय की मी द्रौपदी, सोडलंय की शेतकरी.”

मग माझे काम सोपे झाले. पुरुषाने सुंदर स्त्री होऊन खेळात यावे, ही गोष्ट समर्थांच्या दासबोधातही आहे, म्हणजे सतराव्या शतकात दशावतारी लोकांना ठाऊक होते, हे मी सांगितले. श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ १७२८ च्या सुमारास कर्नाटकातून कोकणात आणला, अशी परंपरा आहे. दासबोधातला उल्लेख त्याआधीचा, म्हणून अभ्यासकांचा वाद आहे. वाद कसाही मिटो, दशावताराचे यक्षगानाशी नाते दिसते ते दिसतेच. तीच रात्रभर चालणारी पुराणकथा, तसेच मुकुट, तशीच लढाईची पावले. आणि सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेही कानडी भागवत मंडळींचे खेळ तिथे होऊन गेल्यावर. मराठी रंगभूमीला कानडी मावशी आहे म्हणायची! मघाचा तो झोपाळू मुलगा आता पुढच्या बाकावर होता. त्याने विचारले, “मग आमचा काय?” मी म्हटले, संकासुराची मालवणी. ती कर्नाटकातून आलेली नाही.

पुढच्या खेपेला भरतनाट्यम् शिकणाऱ्या एका मुलीने अलारिपू करून दाखवला. अलारिपूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम आज शिकवतात तो तंजावरच्या चार भावांनी घालून दिला, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू; आणि त्यांना आश्रय होता सरफोजीराजे भोसल्यांचा, हे सांगताच वर्ग खूश झाला. मराठी राजा म्हटल्यावर छाती फुगणारच. माझीही फुगली होती. पण तेवढ्यावर थांबणे लबाडीचे झाले असते. ते भाऊ तमिळ, नट्टुवनारांच्या घराण्यातले. हा नाच ज्यांच्या देहावर टिकला त्या देवदासी. मद्रास इलाख्यात १९४७ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्याची चाल बंद झाली, ते योग्यच झाले; परंतु नाच प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात आला आणि तो जपणाऱ्या बाया मात्र पुष्कळशा बाहेरच राहिल्या. आपल्या कोकणात, गोव्यातही देवळांत भाविणी होत्या. मुंबई इलाख्याचा कायदा तर १९३४ चा. मुलगी नाचते म्हटले की आजोबांच्या कपाळाला आठी का पडते, याचे उत्तर तिथे आहे.

त्या आठवड्यात एक पालक शाळेत आलेच. “देवळातल्या बायकांच्या गोष्टी मुलींना कशाला?” त्यांचा राग मला कळत होता. मी एवढेच म्हटले, की नाच शिकवायचा आणि नाचणारणीचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. ते गेले. मुलीला मात्र त्यांनी पुढच्या शनिवारीही पाठवले.

त्या शनिवारी मडगावची आजी आली. सत्तरी ओलांडलेली, हातात जुना पंखा. तिने आधी मुलींच्या खांद्यांवरच्या ओढण्या सरळ केल्या, मग दोन ओळी समोरासमोर उभ्या केल्या. बायकांच्या हाती पंखे, पुरुषांच्या हाती रुमाल. ओळी जवळ येतात, दूर जातात, एकमेकींतून पार होतात; पण स्पर्श नाही. सगळे नजरेत आणि पावलांत. उड्या मारण्याची सवय झालेल्या मुलांना इतके सावकाश चालणे फार जड गेले. “घाय कित्याक?” आजी म्हणायची. घाई कशाला?

मांडो सासष्टीत एकोणिसाव्या शतकात बहरला. चाल पोर्तुगीज वळणाची, भाषा कोंकणी, बाजूला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे मडके, एका तोंडावर कातडे. हेच घुमट गोव्यात गणपतीच्या आरतीला वाजते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याच्या वारशाचे वाद्य ठरवले. आणि याच गोव्यात १७३६ साली धर्मन्यायालयाने फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या लग्नांत देशी वाद्ये आणि ओव्या यांना मनाई केली होती. फर्मान दप्तरात राहिले. घुमट वाजत राहिले.

चांदर गावी कार्निव्हलच्या दिवसांत ख्रिस्ती मंडळी मुसळे घेऊन खेळतात, त्याचीही गोष्ट मी सांगितली. त्या खेळाचे नाते विजयनगरच्या काळाशी जोडतात. धर्म बदलला, मुसळ बदलले नाही.

पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मांडो ठेवला. घुमट वेळेवर मिळाले नाही, तेव्हा त्या दशावतारी नटाच्या ओळखीच्या एका पखवाजवाल्याने ठेका धरला. आजी नाकाला पदर लावून म्हणाली, “हो मांडो न्हय, जात्रा!” पण बसली मात्र पहिल्या रांगेत. मी या वेळी परीक्षक नव्हतो. बाहेरगावचे एक गृहस्थ आले होते. पहिला क्रमांक कुठल्याशा चित्रपटगीताला गेला. मांडो तिसरा आला.

मी मंडपाबाहेर पडलो तेव्हा ती मुलगी, आता नववीतली, पायरीवर परीक्षकांना गाठून उभी होती. हातातला पंखा तसाच उघडा. “असे कसे हो, नुसतेच मागे-पुढे?” असे काहीसे त्यांनी विचारले असावे. कारण ती बोटे मोजून सांगत होती. १७३६ पर्यंत आली होती. परीक्षकांच्या चहावर साय धरली होती, आणि त्यांना कप ठेवायला जागा सापडत नव्हती.