पावलांचा अभ्यंग

आश्विन वद्य चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अंगास तेल लावून स्नान करावे, हा कुलाचार सदाशिव पेठेतील घराघरांत आजही श्रद्धेने पाळला जातो. मात्र तेलाचा हात मस्तकावरून पाठीवर येतो आणि बहुधा गुडघ्यापाशीच थांबतो. ज्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडून आपण नरकासुराच्या वधाचे स्मरण करतो, तो पाय कोरडाच राहतो!

शास्त्राला हे मान्य नाही. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी मस्तक, कान आणि पाय या तीन ठिकाणी अभ्यंग विशेषेकरून करावा असे सांगितले आहे. पादाभ्यंगाने पायांची रुक्षता, खरखरीतपणा व बधिरता शमते, टाचा फुटत नाहीत, असे चरकसंहितेचे मत आहे. सुश्रुताचार्यांनी तर भेगांना ‘पाददारी’ असे नाव देऊन त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली आणि फार चालणाऱ्याचे पाय वाताने रुक्ष होऊन फुटतात, असे निदान मांडले. रोग क्षुद्र खरा. पण दोन-दोन तास अनवाणी उभे राहून नारदीय कीर्तन करणाऱ्यास, किंवा पंढरीची वाट चालणाऱ्यास, त्याची वेदना क्षुद्र वाटत नाही.

या दुखण्यावर कोकणाने एक उत्तम स्नेह दिला आहे. त्याचे नाव भिरंडेल. पेशव्यांचे मूळ स्थान श्रीवर्धन. त्यांच्यामागून अनेक कोकणी कुटुंबे पुण्यात स्थायिक झाली. अशा घरांतील वडीलधाऱ्यांना हा शब्द परका नाही. वैशाखात रातांबे फोडून सालीची आमसुले करतात आणि उरलेल्या बिया उन्हात वाळवतात. पुढे त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारा स्नेह काढून घ्यायचा. तो निवत आला की मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. म्हणून त्यास ‘मुठेल’ असेही म्हणतात. वास नाही, रंग पांढुरका, स्पर्श मेणासारखा.

तिळाचे तेल सर्वांगास उत्तमच. परंतु भेगेत ते टिकत नाही, ओघळून जाते. भिरंडेल वितळण्यास सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यामुळे ते भेगेत थिजून बसते, त्वचेतील ओलावा उडू देत नाही, आणि त्या आडोशाला त्वचा आपली आपण सांधते. सुगंधी तेलांतील सुवास नाजूक त्वचेला पुष्कळदा झोंबतो. इथे तो प्रश्नच नाही. दिवाळीच्या खरेदीत सुवासिक बाटल्यांची रांग लागते आणि आजीच्या डबीतला हा गोळा मात्र विस्मरणात जातो, याची खंत वाटते.

रीत सोपी आहे. रात्री पाय कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ फडक्याने टिपावेत. पळीत सुपारीएवढा तुकडा मंद आचेवर वितळवावा, निवत आला की बोटाने भेगांत भरावा व वर सुती मोजे घालावेत. हे आठ-पंधरा दिवस नित्य करावे. एका रात्रीत गुण येईल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

मधुमेही वृद्धांच्या बाबतीत अधिक जपावे. त्यांच्या पायांना चटका कळत नाही. म्हणून वितळलेला स्नेह आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा. भेगेतून रक्त वा पू येत असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना पाय दाखवावा, सण आहे म्हणून चार दिवस थांबू नये. आणि उटणे! फुटलेल्या किंवा खाज सुटलेल्या त्वचेवर ते घासू नये. तान्ह्या बाळाला व ज्यांची त्वचा लगेच लाल होते त्यांना नुसते तेल हलक्या हाताने लावून स्नान घालावे, उटण्याचे बोट कपाळाला लावले तरी कुलाचार पूर्ण होतो.