घामाच्या पैशात खेळाचा संगणक

खेळ खेळण्याचा संगणक घरीच कसा जुळवावा, हा विषय कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने या मांडवात का मांडावा, अशी शंका कुणास आल्यास नवल नाही. दिवाळीचा बोनस हाती पडला की आमच्या सभासदांच्या घरी हल्ली जो वाद माजतो, तो पुष्कळदा याच वस्तूवरून. मुलाला ती हवी असते, बापाला उधळपट्टी वाटते, आणि दोघांच्या भांडणात दुकानदार रंगीत दिव्यांची पेटी गळ्यात मारून मोकळा होतो. आमचा कौल मुलाच्या बाजूचा आहे. ज्या यंत्रावर तो आज खेळेल, त्याच यंत्रावर उद्या आराखडे काढील, चित्रफिती जोडील. परंतु पैसा घामाचा आहे. तो कोठे घालावा, एवढेच येथे पाहू.

प्रथम यंत्राचे काम समजून घेतले पाहिजे. पडद्यावरचा खेळ म्हणजे एका सेकंदात अनेक वेळा नव्याने काढलेले चित्र. कोण कोठे उभा आहे, गोळी कोठे गेली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्यावरून चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. रॅम म्हणजे हाताशी ठेवलेला माल, एसएसडी म्हणजे गोदाम. गिरणीत सूत येईनासे झाले की माग कितीही चांगला असो, विणकर हात बांधून उभा राहतो. येथेही सर्वांत मागे पडणारे खाते साऱ्या यंत्राचा वेग ठरविते, आणि बहुतेक जड खेळांत ते खाते ग्राफिक्स कार्डाचे असते. म्हणून मॉनिटर वगळून ६०,००० रुपयांची पुंजी असेल, तर त्यांतील २२ ते २४ हजार एकट्या कार्डावर घालावे, असे आम्ही बेधडक सांगतो.

पण कोणते कार्ड, हे मॉनिटर पाहून ठरते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर दर चित्रास २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. काम चौघांचे घ्यावयाचे आणि मजुरी एकाची द्यावयाची, हा मालकी हिशेब यंत्रदेखील मानीत नाही! पहिल्या संगणकास पहिला पडदा पुरे. त्यावर सेकंदास ६० चित्रे हवी असल्यास एका चित्रास सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असल्यास जेमतेम सात. २०२० साली आलेला ‘व्हॅलोरंट’ साध्या कार्डावरही चांगला पळतो. त्याच साली आलेला ‘सायबरपंक २०७७’ भारी कार्डाचाही घाम काढतो. तेव्हा मुलगा नेमके काय खेळणार, हे बापाने एकदा शेजारी बसून पाहावे. नवे जड खेळ खेळावयाचे तर कार्डावर निदान ८ जीबी मेमरी असावी.

प्रोसेसर सहा कोअरचा असला की बस्स. त्याहून मोठा घेऊन कार्डात काटकसर करणे म्हणजे साहेब दोन नेमून कारागीर काढून टाकणे होय. मदरबोर्ड निवडताना मात्र पुढची चार वर्षे डोळ्यांपुढे ठेवावी. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे भाग स्वस्त पडतात, पण ती वाट आता संपत आली आहे. २०२२ साली आलेल्या एएम-५ ला डीडीआर-५ रॅमच लागते, खर्च वाढतो, पण नुसता प्रोसेसर बदलून पुढे बढती मिळण्याची आशा राहते. २०१७ साली घेतलेल्या अनेक एएम-४ बोर्डांवर २०२० नंतरचे प्रोसेसर बायोस अद्ययावत करून बसविता आले, हा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. रॅम १६ जीबी घ्यावी, आणि ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन दारांनी माल लवकर येतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव भडकले. अशा वेळी पैसे पुरेनात, तर रायझेन ५ ५६००जी सारखा, अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन कार्ड पुढच्या बोनसवर टाकावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो, त्यात ही सोय नसते. कार्डाविना पडदा काळाच.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरील खाणकामे बंद झाली आणि राबलेली कार्डे बाजारात आली. जुने कार्ड वाईटच असते असे नाही. अर्धा तास जड खेळ चालवून, पंखे पाहून मगच पैसे द्यावेत.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः बोलावयास उभे राहिलो ती गोष्ट. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून काटछाट नेमकी तेथे होते. आमच्या एका सभासदाला दुकानदाराने कॅबिनेटबरोबर एसएमपीएस ‘फुकट’ दिला. आठव्या महिन्यात धूर निघाला, आणि मदरबोर्ड व कार्ड दोन्ही घेऊन तो गेला. फुकटाचे मोल असे फेडावे लागले. मध्यम कार्ड, प्रोसेसर व इतर भाग मिळून जड खेळात सुमारे ३०० वॅट खातात. तेव्हा नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस सुखाने पुरतो. त्यावरील ‘८० प्लस’ हा शिक्का वीज वाया किती जाते एवढेच सांगतो. सुरक्षिततेची हमी तो देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची, हे विचारावे. शिवाय जुन्या चाळींत तीन पिनांची जागा असते, पण अर्थिंगची तार नसते. वायरमन बोलावून ती आधी तपासून घ्यावी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तीन दुकाने फिरून प्रत्येक भागाचा भाव वहीत लिहावा, आणि जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. वॉरंटी मागताना तेच कामी येते. जोडणी कठीण नाही. मदरबोर्डाची पुस्तिका समोर ठेवून, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरातील दोघे एका रविवारी ती करू शकतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डास न लावता ग्राफिक्स कार्डास लावावी, नाहीतर २२ हजारांचा कारागीर रिकामा बसून राहतो. बायोसमध्ये रॅमचा पूर्ण वेग चालू करावा, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला नाही ना, तेही पाहावे.