हाऊबेर आणि सबिना: दिसायला सारखी, पण एक औषध, दुसरं विष

काष्ठौषधीच्या दुकानात 'हाऊबेर' मागितलं की मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, काळपट निळी, सुकलेली फळं पुडीत बांधून मिळतात. आयुर्वेदातली हपुषा ती हीच. पोटफुगी, अपचनावर वैद्य ती देतात. जिन या दारूला खास वास येतो तोही हिचाच. गोव्यात बनणाऱ्या एका जिनचं तर नावच 'हपुसा' आहे. झाडाचं शास्त्रीय नाव जुनिपेरस कम्युनिस. आपल्याकडे ते हिमालयात उंचावर वाढतं.

याच घराण्यातलं दुसरं झुडूप म्हणजे जुनिपेरस सबिना. स्पेनच्या डोंगरांपासून थेट मंगोलियापर्यंत ते आढळतं, युरोप-अमेरिकेत बागेत शोभेलाही लावतात. फळ तसंच निळं-काळं, पण विषारी. त्याच्या तेलात सबिनिल अ‍ॅसिटेट असतं. जुन्या काळी युरोपात गर्भ पाडण्यासाठी ते चोरून घेतलं जायचं आणि त्यात बायकांचे जीव गेले आहेत.

मग ओळखायचं कसं? झाड समोर असेल तर पानं बघावीत. हाऊबेरीची पानं सुईसारखी टोचरी, एका ठिकाणी तीन-तीन, आणि झाड म्हातारं झालं तरी तशीच राहतात. सबिनाची सुईसारखी पानं कोवळ्या वयातच. पुढे ती खवल्यांसारखी फांदीला चिकटून बसतात. चुरगळली की उग्र, नकोसा वास येतो.

नुसतं फळ हातात असेल तर काम अवघड. खरं तर हे फळ नव्हेच, पाइनसारख्या शंकूचे खवले मांसल होऊन एकत्र जुळलेले असतात. हाऊबेरीत असे तीन खवले जुळतात, म्हणून टोकाला तीन रेघांची चांदणी उमटते आणि आत बहुधा तीन बिया असतात. सबिनात ही चांदणी सहसा नसते.

हाऊबेर पिकायला दोन-तीन वर्षं लागतात. एकाच फांदीवर हिरवी आणि पिकलेली फळं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे ती हातानेच गोळा करावी लागतात. मजुरी त्यातच जाते.

गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी खरी हाऊबेरसुद्धा वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि घेणाऱ्यांनी शक्यतो अख्खी घ्यावी; तयार चूर्णात चांदणी कुठून दिसणार?