झाडावरील खवले कीड

परसांतील लिंबाचें झाड मलूल दिसूं लागतें. पानें पिंवळीं पडतात, त्यांवर काजळी धरते आणि बुंध्यावरून मुंग्यांची रांग अखंड चढत-उतरत असते. घरधनी मुंग्यांवर पूड टाकतो, काजळी पुसून काढतो. तरीहि झाड वठतच चाललें म्हणजे तें तोडण्याची भाषा सुरू होते. खरा अपराधी मात्र डोळ्यांसमोर असतो, पण तो किड्यासारखा दिसतच नाहीं.

डहाळीवर साल फुगल्यासारखे जे तपकिरी ठिपके दिसतात, तीच खवले कीड. मादी एकदां आपली सोंड झाडांत खुपसून बसली कीं बहुधा जन्मभर तेथून हलत नाहीं. पाठीवर मेणकट कवच आणि त्याच्या आडोशाला अंडीं, असा तिचा संसार असतो. नखानें खरवडून पाहावें. साल असेल तर ती सहजीं सुटत नाहीं. कीड असेल तर टवका अलगद उचकटतो. तो चिरडल्यावर ओल लागली तर कीड जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेली समजावी. मेलेलीं कवचेंहि पुष्कळ दिवस चिकटून राहतात, म्हणून ही परीक्षा अगत्याची.

मऊ कवचाच्या जाती रस पिऊन उरलेला गोड पाझर टाकतात. काजळी ही त्यावरील बुरशी होय. मुंग्या तो पाझर चाटतात आणि मोबदला म्हणून किडीच्या शत्रूंना हांकून लावतात.

या शत्रूंचें मोल कॅलिफोर्नियांतील बागाईतदारांस महाग पडून कळलें. १८६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतून तेथें शिरलेल्या, कापसाच्या पुंजक्यासारख्या दिसणाऱ्या खवले किडीनें पुढें संत्र्याच्या बागा उजाड केल्या. १८८८ सालीं अल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञास तिच्या मूळ देशीं धाडण्यांत आलें. त्यानें पाठविलेले सुमारें १३० तांबडे-काळे ढालकिडे कीड पडलेल्या एका झाडावर तंबू ताणून आंत सोडले. १८८९ संपण्यापूर्वीं बागा सांवरल्या! हाच ढालकिडा पुढें निलगिरींतहि आणला गेला. परंतु १९४० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत डीडीटी फवारतांच ढालकिडे मेले, आणि कीड पुन्हां उसळली.

घरच्या झाडाला म्हणून जहाल विष नकोच. फार भरलेल्या डहाळ्या कापून जाळाव्या. उरलेल्या साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या खरखरीत फडक्यानें चोळाव्या. बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळावी आणि भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या, म्हणजे मुंग्यांची वाट बंद होते. लिटरभर पाण्यांत ५ मिलिलिटर कडुलिंबाचें तेल व थोडा सौम्य साबण घुसळून सायंकाळीं पानांच्या पाठीवरहि फवारावें. कवचाखालीं तें पोंचत नाहीं. नुकतीं बाहेर पडलेलीं उघडीं पिलेंच त्यानें मरतात. म्हणून दहा-पंधरा दिवसांनीं पुन्हां फवारणें जरूर आहे.

खवले किडीचा भाऊबंद पिठ्या ढेकूण याच्या घोळक्यांत तसाच पांढरा, पण मोठा आणि चपळ किडा दिसला, तर त्याला चिरडूं नये. ती बहुधा ढालकिड्याची अळी असते, आणि ती त्या ढेकणांवरच जगते.